गुडघाभर पाणी

भाड्याचा पोशाख हातात घेतला तेव्हा तो ओला होता. धुतलेल्या कपड्याचा ओलेपणा मला कळतो. हा दुसऱ्या कोणाच्या तरी अंगावरून नुकताच उतरला होता, अजून थोडा कोमट. निळ्या नायलॉनची ढगळ पँट आणि वर अर्ध्या बाह्यांचा सदरा. नाकाजवळ नेला तर पावडर आणि घाम यांचा एकत्र वास.

"हा धुतलेला नाहीये," मी काउंटरवरच्या मुलीला म्हटलं.

"आत्ताच मशीनमधून आलेत मॅडम. नायलॉनशिवाय पाण्यात सोडत नाहीत."

बाहेर माझी दोन्ही मुलं रडकुंडीला आली होती. मुलगी सात वर्षांची, मुलगा चार. त्यांना आईच्या कपड्यांशी काही देणंघेणं नव्हतं, समोर घसरगुंड्या दिसत होत्या. मी श्वास रोखून तो पोशाख अंगावर चढवला.

कपडे बदलायच्या खोलीबद्दल फार सांगत नाही. फरशीवर पाऊल बुडेल इतकं पाणी साचलेलं, त्यावर केसांचे पुंजके आणि शाम्पूच्या फाडलेल्या पुड्या तरंगत होत्या. कोपऱ्यात एक वापरलेला डायपर कोणीतरी तसाच उघडा टाकला होता आणि त्याला मुंग्या लागल्या होत्या. तिथे उभं राहून बायका लिपस्टिक लावत होत्या.

मी आरोग्यसेविका आहे. बोर्ली पंचतनच्या बाजूच्या काही वाड्या माझ्याकडे आहेत. विहिरीत जंतुनाशक पावडर पडते की नाही, कोणाच्या घरी जुलाब लागलेत, पाणी उकळून पितात का, हे बघणं माझं रोजचं काम. नवरा बंदरावर कामाला. त्याची सुट्टी आणि माझी सुट्टी एका दिवशी येणं कठीण, आणि मुलीने तर गणपतीपासून धोशा लावला होता. तिच्या वर्गातल्या दोघीजणी या वॉटर पार्कला जाऊन आल्या होत्या आणि फायबरच्या हत्तीच्या सोंडेखाली उभ्या राहून काढलेले फोटो सगळ्या वर्गाला दाखवत होत्या. शेवटी एक रविवार जुळला.

त्या आठवड्यात गुरुवारी मुलाला जुलाब लागले. दिवसातून चार वेळा. शुक्रवारी दोनदा. शनिवारी एकदा, तेही बऱ्यापैकी घट्ट. मी साखर-मिठाचं पाणी पाजत होते, तो खेळत होता, ताप नव्हता. दुसऱ्या कोणा आईने मला विचारलं असतं तर मी बिनदिक्कत सांगितलं असतं, की निदान आठवडाभर तरी याला तलावात सोडू नको, बाकीच्या मुलांना लागण होईल. माझ्याच घरात मला कोणी विचारलं नाही. मी स्वतःलाही विचारलं नाही. रविवारी पहाटे उठून दहीभाताचा डबा भरला, दिघीहून पहिल्या फेरीबोटीत गाडी चढवली आणि आगरदांड्याला उतरून मुरूडमार्गे नागावच्याही पुढे गेलो.

दहीभाताचा डबा फाटकावरच काढून घेतला. बाहेरचं खाणं आत चालत नाही म्हणाले.

लहान मुलांचा तलाव गोल होता, गुडघाभर पाण्याचा. मधोमध तो हत्ती. लांबून पाणी आकाशी दिसत होतं, कारण तळाला तसला रंग मारला होता. आत उतरले आणि खाली बघितलं तर माझी पावलं मला दिसेनात. गुडघाभर पाण्यात स्वतःची पावलं दिसत नसतील तर ते पाणी कसलं आहे हे सांगायला आरोग्यसेविका लागत नाही. क्लोरिनचा वास औषधालासुद्धा नव्हता. वर तेलाचा तवंग, त्यात कोणाच्या तरी जखमेवरून निसटलेली पट्टी आणि मऊ पडलेला वेफरचा तुकडा. कडेला पाणी वाहून जायला पन्हळ केली होती, तिच्यात एक माणूस पाण्यात बसल्याबसल्याच गुटख्याची पिंक टाकत होता. बाजूला त्याची लहानगी मुलगी ओंजळीने पाणी उडवत होती आणि मधूनच पीत होती.

"तिला पाणी पिऊ देऊ नका," मी त्याला म्हटलं.

त्याने ऐकलं नाही. गाणी इतकी मोठ्याने लावली होती की ऐकू येणंही शक्य नव्हतं.

नवरा माझ्याकडे बघत होता. "आज एक दिवस नाक बाजूला ठेव," तो म्हणाला. "तुला सगळीकडे जंतू दिसतात. पोरांकडे बघ जरा."

मी बघितलं. दोघं खरंच इतकी खूश होती की मला माझ्याच चेहऱ्याची लाज वाटली. मुलगी सोंडेखाली तोंड वर करून उभी होती. मुलगा पाण्यावर दोन्ही हात आपटत कोणालाही उद्देशून हसत होता. मग मी नाक बाजूला ठेवायचं ठरवलं. जेवायला कॅन्टीनमध्ये बसलो तेव्हा टेबल पुसणाऱ्या बाईने तेच फडकं खाली टाकून पायाने फरशीही पुसली, तरी मी काही बोलले नाही. मुलाने बटाट्याच्या तळलेल्या काड्या मागितल्या, मी त्या दिल्या.

जेवणानंतर नवरा मुलीला घेऊन मोठ्या घसरगुंडीकडे गेला. मी मुलाला घेऊन परत त्या गोल तलावात उतरले. आता गर्दी वाढली होती. हत्तीच्या पायाशी एक बाई तिच्या दोनेक वर्षांच्या मुलाला घेऊन बसली होती. अंगावर भाड्याचा सदरा, खाली मात्र तिने स्वतःचा परकर ठेवला होता आणि त्यावर नायलॉनची पँट चढवली होती, त्यामुळे ती कमरेत फुगली होती. डोक्यावर ओला रुमाल. मुलाला साधी सुती चड्डी. शेतीवाडीतली असावी, आमच्या वाड्यांमध्ये असतात तशी. लेकराला मांडीवर घेऊन ती फार सांभाळून, कपाने घालावं तसं ओंजळीने त्याच्या अंगावर पाणी घालत होती. माझ्याकडे बघून हसली. मीही हसले.

माझा मुलगा हत्तीच्या दुसऱ्या पायाला धरून उकिडवा बसला आणि एकदम गप्प झाला. डोळे कुठेतरी समोर लागलेले, हनुवटी आत ओढलेली. तो चेहरा मला चार वर्षं पाठ आहे. मी पाण्यातून त्याच्याकडे जाईपर्यंत तो उठला होता आणि हसत हसत माझ्याकडे येत होता.

मी त्याला कडेवर उचललं. माझा तळहात त्याच्या पँटखाली होता. नायलॉनमधून ऊब हाताला लागली.

तेवढ्यात मागे कोणीतरी किंचाळलं. हत्तीच्या पायाशी पाण्याचा रंग बदलला होता. काही खाली बसलं होतं, काही वर तरंगत होतं. शिट्ट्या वाजल्या. सगळे धडपडत बाहेर निघाले, मुलांना बखोटीला धरून. मीही निघाले. बाहेर येताच पहिली गोष्ट मी केली ती म्हणजे मुलाला टॉवेलात गच्च गुंडाळलं.

आणि माणसांनी ठरवून टाकलं. कोणी कोणाला विचारलं नाही. सगळ्यांच्या नजरा त्या परकरवाल्या बाईकडे वळल्या.

काळा चष्मा घातलेला एक जण सुरक्षारक्षकाला म्हणाला, "ऐसे लोगों को अंदर लेतेच कायको हो? पैसा देके आते है हम."

एक बाई आपल्या मुलीचे पाय बाटलीतल्या पाण्याने धूत होती. ती मराठीत म्हणाली, "यांना काय शेत आणि तलाव सारखंच."

"माझ्या पोरानं न्हाय केलं," ती परकरवाली बाई म्हणाली. आवाज चढवला नव्हता तिने. "बघा ना. चड्डी साफ हाय त्याची." आणि तिने तिथेच, सगळ्यांसमोर, पोराची चड्डी काढली, उलटी केली आणि हातात धरून दाखवली. उजवीकडच्यांना दाखवली, मग डावीकडच्यांना. लोकांनी तोंडं फिरवली. काळ्या चष्म्यावाल्याने नाकाला हात लावला. ते लेकरू उघडं उभं राहून रडायला लागलं.

मी चार हातांवर होते. माझ्या कडेवर टॉवेलात गुंडाळलेलं माझं मूल होतं. मी वळले आणि कपडे बदलायच्या खोलीकडे चालू लागले.

तिथल्या नळाखाली मी त्याला धुतलं. पँट धुतली. नवरा मुलीला घेऊन आला तेव्हा मी त्याला दाराशी येऊन सांगितलं.

"कोणी बघितलं?" त्याने विचारलं.

"नाही."

"मग आवर. निघू या."

मला तेच हवं होतं. दुसऱ्या कोणीतरी ते म्हणावं, एवढीच मी वाट बघत होते. मी मुलाला कोरडे कपडे घातले, माझे बदलले, केस पुसले. या सगळ्याला दहा मिनिटं लागली असतील. बाहेर आले तर एक कामगार जाळीने तलावातला मैला काढून बादलीत टाकत होता. मग त्याने मगभर पांढरी पावडर हत्तीच्या पायाशी ओतली, हाताने ढवळल्यासारखं केलं आणि बाजूला झाला. शिट्टी वाजली आणि मुलं परत पाण्यात उतरली. गुटखेवाल्याची मुलगीही. ओंजळीने पाणी उडवत.

ती बाई फाटकाजवळच्या बाकावर बसली होती. शेजारी तिचा नवरा उभा होता. त्यांना तिथे नेऊन बसवलं होतं हे सुरक्षारक्षकाच्या उभं राहण्यावरून कळत होतं.

मी मुलाला नवऱ्याकडे दिलं.

"कुठे चाललीस?"

मी तलावाकडे निघाले होते.

मॅनेजर हत्तीपासून थोड्या अंतरावर छत्रीखाली उभा होता. मी म्हटलं, "मघाशी ते माझ्या मुलाने केलं. त्या बाईच्या नाही. आणि त्याला तीन दिवसांपूर्वी जुलाब होत होते. हे पाणी काढून टाका. नाहीतर निदान आज तलाव बंद ठेवा."

"ताई, हळू बोला," तो म्हणाला.

"मुलं आजारी पडतील."

"पावडर टाकलीये."

"पावडर अशी टाकत नाहीत. पाणी तपासता का तुम्ही? मी आरोग्य खात्यात आहे."

त्याने मला पहिल्यांदाच नीट बघितलं. "मग जुलाब लागलेलं पोर पाण्यात सोडायचं नसतं, हे तुम्हालाच माहीत पाहिजे होतं ना?"



मग मी त्या काळ्या चष्म्यावाल्याकडे गेले. त्याची दोन मुलं पाण्यात होती. मी त्यालाही तेच सांगितलं, की मूल माझं होतं, मुलांना बाहेर काढा. त्याने माझ्या चष्म्याकडे, माझ्या कुर्त्याकडे बघितलं. "अरे, बच्चा है, हो जाता है. नो प्रॉब्लेम," असं म्हणून तो हसला आणि मुलांना बाहेर न काढता फक्त माझ्यापासून थोडं लांब सरकवलं. अर्ध्या तासापूर्वीचं त्याचं तोंड माझ्या डोळ्यांसमोर होतं. मला त्याच्या अंगावर जाऊन ओकावंसं वाटलं.

तिथून मी बाकाकडे गेले. ती पोराचं डोकं पदराने पुसत होती. तिने आता साडी नेसली होती.

"ते माझ्या मुलाने केलं होतं," मी म्हटलं. "मी मॅनेजरला सांगितलंय."

तिचा पुसणारा हात थांबला. "तेव्हा का न्हाय बोललात?"

"घाबरले."

"मी पोराची चड्डी काढून दाखवली सगल्यांना," ती म्हणाली. "तुमी तिथंच व्हतात."

"हो. मी सगळ्यांना सांगते, तुम्ही चला माझ्याबरोबर."

"आता कुनाला सांगनार?" तिने तलावाकडे हात केला. "ते परत पान्यात गेलं."

तिच्या नवऱ्याने चपला पायात सरकवल्या आणि "चल गो" म्हणाला. ती उठली. माझ्याकडे परत बघितलं नाही. त्यांनी थांबायचं ठरवलं असतं तर सुरक्षारक्षकाने अडवलं नसतं कदाचित, पण ते थांबले नाहीत.

आम्ही मागोमागच निघालो. गाडीत मुलगी बडबडत होती. घसरगुंडीवर बाबांनी डोळे मिटले होते हे तिने तीन वेळा सांगितलं. मुलगा झोपला.  आगरदांड्याला फेरीबोटीच्या रांगेत गाडी लावल्यावर नवऱ्याने इंजिन बंद केलं.

"मी असतो तर नसतं सांगितलं," तो म्हणाला. "आणि तू सांगायला गेलीस तेव्हा मला राग आला. अजून आहे. आपल्या पोराचा तमाशा कशाला?"

"त्यांच्या पोराचा झालाच ना."

"ते मला कळतंय," तो म्हणाला, आणि खाली उतरून समुद्राकडे तोंड करून उभा राहिला.

मी खिडकीची काच खाली केली नाही. मला हातांना अजून तो वास येत होता. मी ते साबणाने तीनदा धुतले होते, आणि तरी त्या हातांनी मुलीला बिस्किट द्यायला नको वाटत होतं. पुडा तिच्याकडेच दिला.

"आई, आपण परत येऊ ना?" तिने विचारलं. तिच्यासाठी तो वर्षातला सगळ्यात चांगला दिवस होता. मी म्हटलं, बघू.

पुढच्या आठवड्यात मी आमच्या साहेबांना हे सगळं सांगितलं, माझ्या मुलाच्या जुलाबासकट. ते म्हणाले, तो तालुका आपल्याकडे येत नाही. मग मी तिथल्या ग्रामपंचायतीला अर्ज लिहिला. त्यातही मुलाचं लपवलं नाही. उत्तर आलं नाही. मुलीच्या पाठीवर लाल पुरळ उठलं, ते मलमाने गेलं. मुलाला पुन्हा काही झालं नाही.

आमच्या वाड्यांमध्ये कोणाकडे जुलाब लागले की मी घरी जाते, नाव-वय लिहिते, कुठलं पाणी प्यायलं ते विचारते. त्या बाईला मी यातलं काहीच विचारलं नव्हतं. तिचं पोर त्या पाण्यात माझ्या मुलाच्या शेजारीच बसलं होतं, इतरांपेक्षा जवळ. त्याला पुढे काही झालं का, ते मला कळायला मार्ग नाही. ती कुठल्या गावची हेसुद्धा मला माहीत नाही.