डाग खाली

आमच्या सरांना वाटायचं, कॅमेरा लावला की यंत्राला दिसायला लागतं. मिरजोळ्याच्या एका शेडमध्ये आमचं संशोधन चाललं होतं. यंत्राच्या हाताने हापूस उचलायचा, चांगला की डागी ते बघायचं आणि वेगळा ठेवायचा. त्याला शिकवायला ढिगाने फोटो लागतात. म्हणून पावसच्या एका बागेत वर्षानुवर्षं पेट्या भरणाऱ्या काकींना बोलावलं. त्या आंबे निवडून दोन ट्रेमध्ये मांडायच्या, चांगले एकात, डागी दुसऱ्यात. मी वरून फोटो काढायचे.

सीझन संपता संपता चाचणी झाली. यंत्राने काळा पडलेला आंबा उचलला आणि चांगल्यांत नेऊन ठेवला. दुसराही तसाच. मग फोटो उघडून बघितले. डागींच्या ट्रेमधला एकूण एक आंबा स्वच्छ दिसत होता.

काकी डाग खाली करून आंबा ठेवत होत्या. पेटी भरणारी कुठलीही बाई तसाच ठेवते. उघडणाऱ्याला आधी चांगली बाजू दिसावी, हे हातात इतकं मुरलेलं असतं की डोक्याला विचारावं लागत नाही.

सर म्हणाले, "मुद्दाम केलंय. यंत्र आलं तर हिचं काम जाईल ना."

त्याच दिवशी काकींना घरी पाठवलं. वर बागायतदाराला फोन करून सांगितलं, बाई लबाड आहे. त्यानेही पुढच्या सीझनला त्यांना बोलावलं नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. शिकलेल्या माणसाला आपली चूक दिसत नाही आणि निघालाय यंत्राला डोळे द्यायला.

पण मी तरी काय केलं? माझी आई पेट्या भरायची. लहानपणी डाग वर ठेवला म्हणून तिने माझ्या हातावर चापट मारलेली मला आठवते. आणि फोटो काढताना ट्रेसमोर मीच उभी होते. हे सगळं सरांना सांगता आलं असतं. माझी नोकरी कायम व्हायची होती, म्हणून मी तोंड शिवून बसले.

काकींच्या घरी गेले तेव्हा त्या रागावल्यासुद्धा नाहीत. एवढंच म्हणाल्या, "तू हुतीस ना गो तितं? मग सांगितलंस का नाय?"

आता यंत्र डाग बरोबर ओळखतं. आंबा सगळ्या बाजूंनी फिरवून फोटो घ्यायची कल्पना माझी, असं अहवालात छापलंय. नोकरीही कायम झाली. काकींना अजून कुणी कामावर बोलावलेलं नाही.