ॲट्रिलचं बूच

जेथ्रो ॲट्रिलइतका हट्टी सुतार वाइट नावाच्या आमच्या अख्ख्या बेटावर सापडायचा नाही. चाळीस वर्षं होड्या बांधल्यावर आमच्या कारखान्याने त्याला दुपंखी विमानाचं पोट बांधायला घेतलं. हे विमान पाण्यावरही उतरायचं, जमिनीवरही. पंखांचं कापड मी शिवलं होतं, म्हणून सांगते, पोट त्याने फक्कड बांधलं. पण त्याच्या लेखी ती होडीच. चाकांकडे बघून म्हणायचा, "बाबागाडी."

नौदलाचे पाहुणे आले, त्या सकाळी आमचा वैमानिक कॅप्टन हॅलेट याने विमान पाण्यातून चाकांवर उतार चढवून वर आणलं. होडी वर आली की तळाचं बूच काढायचं, आतलं पाणी निथळू द्यायचं, हा ॲट्रिलचा जन्माचा शिरस्ता. त्याने बूच काढलं, खिशात टाकलं आणि चहाला आला. इकडे हॅलेट गवतावरूनच उडाला.

बिस्किटासाठी खिशात हात गेला, बूच हाताला लागलं आणि म्हातारा पांढराफटक पडला. हॅलेट आता पाण्यावर उतरणार, तळाला मुठीएवढं भोक, आणि वर निरोप धाडायची सोय नाही. पाहुण्यांच्या टेबलावरची पांढरी चादर मी ओढली आणि त्याला दिली. किटली कुणाच्या मांडीवर गेली ते विचारू नका.

म्हातारा वल्ही मारत थेट विमान उतरायच्या वाटेत गेला आणि होडीत उभा राहून चादर फडकवायला लागला. हॅलेट अगदी डोक्यावरून वळला, शिव्या घालतच असणार, आणि गवतात उतरला.

कारखान्याच्या साहेबांनी त्याला तिथल्या तिथे सांगितलं, हत्यारं उचल आणि चालता हो. ॲट्रिलने चूक कबूल केली, विमानाखाली शिरून बूच ठोकलं आणि हत्यारं गोळा करायला लागला.

"घट्ट बसलंय?" हॅलेटने विचारलं.

"बसलंय."

"मग चला माझ्याबरोबर पाण्यावर उतरायला. कोरडे परत आलात तर साहेबांशी मी बोलतो."

जन्मात शिडीपलीकडे न चढलेला माणूस विमानात जाऊन बसला. दोघं बेटावरून लांब फेरी मारून पाण्यावर उतरले आणि उतार चढून आले. साहेबांनी स्वतः वाकून आत हात फिरवला, तर थेंब नाही. नोकरी राहिली.

मला राहवलं नाही. वरून आपलं बेट कसं दिसतं, म्हणून विचारलं.

"मला काय ठाऊक बाई," ॲट्रिल म्हणाला. "मी सगळा वेळ बुचाकडे बघत होतो."