दोन जावयांना एकच माप

माझा साडू माझ्यापेक्षा जास्त जेवतो आणि त्याला पोट नाही. ही गोष्ट मी त्याला आजवर माफ केलेली नाही. माझं वजन एकशे वीस किलो. त्याचं विचारायला मी कधी गेलो नाही, बघूनच पोटात दुखतं.

आम्ही दोघं सोलापुरात राहतो आणि रविवारी उजनीच्या बॅकवॉटरवर गळ टाकायला जातो. मी काठावर, बाभळीखाली खुर्ची टाकून. तो त्याच्या निमुळत्या कयाकमधून, म्हणजे वल्ह्याच्या छोट्या होडीतून, पार मधल्या पाण्यात. मला तळहाताएवढी चिलापी मिळायची आणि तो दुपारी मोठा कटला मासा घेऊन यायचा. माझी बायको डबा घेऊन सोबत असायची. तिला माशांचं काही नव्हतं. पलीकडच्या उथळ पाण्यात रोहित पक्षी उतरायचे, ते तिला जवळून बघायचे होते.

"आवो, मला तितं न्या की एकदा," ती म्हणाली. "हितनं नुसती पांढरी रेघ दिसती."

साडूची कयाक एकट्यापुरती. म्हणजे तिला न्यायचं तर मीच, स्वतःची कयाक घेऊन. त्या विचारानंच मला बरं वाटलं.

आधी साडूच्या कयाकमध्ये बसून बघितलं. तिच्या तळाला आरपार भोकं असतात, आत उडालेलं पाणी खाली निघून जावं म्हणून. माझ्या भारानं उलटंच झालं, धरणाचं पाणी त्या भोकांतून वर आलं. जरा बूड सरकवलं तर कयाकही कलंडायला लागली. साडू काठावरून म्हणाला, "पावणं, हलू नगा. श्वास बी दमानं घ्या." बायको हसली. तिचं हसणं मला फार झोंबलं.

त्यातच अधिक महिना आला आणि करकंबला सासुरवाडीत धोंड्याचं जेवण झालं. सासूबाईंचा नियम असा की दोन्ही जावयांना वाण अगदी सारखं द्यायचं, रंगातसुद्धा भेद नको. जावई पाण्यात जातात म्हणून यंदा ताटाशेजारी दोन केशरी लाइफ जॅकेटं ठेवलेली. दोन्ही एकाच मापाची, आणि ते माप साडूचं. त्याचं बक्कल खटकन लागलं. माझ्या पट्ट्यांची गाठभेटच होईना.

"अधिकाचं वाण माघारी करत न्हाईत," सासूबाई म्हणाल्या.

मग मी शिंप्याकडून मधे वीतभर पट्टा जोडून घेतला. छातीएवढ्या पाण्यात उतरून बघितलं, तर जॅकेट कानापर्यंत वर आलं आणि मी होतो तिथंच राहिलो. शेवटी छातीच्या मापाचं दुसरं विकत घेतलं. वाणाच्या जॅकेटला जोडलेला पट्टा उसवला आणि ते खुंटीला लावून टाकलं.

कयाकसाठी पुण्याला गेलो. दुकानदार भला माणूस होता, माझ्याकडे बघून हसला नाही. जाड माणसानं लांबी बघू नये, रुंदी बघावी, तळ सपाट बघावा, बैठक खाली ठेवावी, असं त्यानं सांगितलं. "कयाकवर लिहिलेला वजनाचा आकडा माणूस, खुर्ची, बर्फाची पेटी सगळं धरून असतो," तो म्हणाला. "तेवढं भरलंत तर संपलं. तिसरा हिस्सा मोकळा सोडा." मी जवळजवळ तीन फूट रुंद, पुढं जादा खुर्ची बसवता येईल अशी हिरवी कयाक घेतली.

गुडघाभर पाण्यात मी तिच्यावर दोन्ही बाजूंना कललो, उभा राहिलो, मुद्दाम पडून पोटावर सरपटत परत चढलो. ती जागची हलली नाही. मग बायकोला पुढच्या खुर्चीवर बसवलं. भोकांतून पाणी वर आलं. तिसरा हिस्सा माझ्यातच खर्च झाला होता. ती उतरली आणि डबा सोडायला लागली.

साडू म्हणाला, "पावणं, ही कयाक हाय का बाजलं?"

पुढच्याच रविवारी कटला जाळीत घेताना तो जरा जास्त वाकला आणि उलटा झाला. जॅकेट होतं म्हणून डोकं वर राहिलं. मी जवळ गेलो. त्यानं दोन्ही हातांनी माझ्या कयाकचा काठ धरला, आणि माझं बाजलं तसूभर कललं नाही. बायको काठावरून बघत होती, म्हणून मी त्याला सावकाश ओढत आणलं. इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता. काठावर तो कुडकुडत म्हणाला, "तुमी ही निवडली कशी, सांगा की." मी सगळं सांगितलं. रुंदी, तळ, बैठक, तिसरा हिस्सा, दुकानाचा पत्तासुद्धा.

महिन्याभरात त्यानं तीच कयाक आणली, तोच रंग. जादा खुर्ची बसवून तो माझ्या बायकोला म्हणाला, "आक्का, बसा की. आपल्याला काय, वजनच न्हाय." तिनं माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "जा की." तिनं घरून येतानाच पिशवीत खुंटीवरचं जॅकेट घातलं होतं. त्याचं बक्कल तिला खटकन लागलं.

दोघं पुढं गेली. मी मागून एकटा वल्हवत होतो. कयाक अजिबात डुलत नव्हती. पक्षी जवळ आले तशी बायको मागं वळली, तोंडभर हसली आणि मला हात केला. माझे दोन्ही हात वल्ह्यावर होते. मी ते तसेच ठेवले.