लिहिलं नसेल, तर नाहीच

अर्फा मूळची पाटणची. आईवडील गेले तशी घराला कुलूप लावून ती सांगलीत आली आणि विश्रामबागेत एक खोली घेऊन राहिली. काम काय, तर अमेरिकेतल्या रुग्णांचे कागद वाचून विम्याच्या बिलासाठी प्रत्येक आजाराला त्याचा ठरलेला कोड लावायचा. त्यातही तिच्या वाट्याला जास्त करून पायाच्या खोल शिरेत झालेल्या रक्ताच्या गुठळ्या. डावा पाय की उजवा, गुठळी ताजी की जुनी, हे समजल्याशिवाय ती कोड लावायची नाही. डॉक्टरनं लिहिलं नसेल, तर ते नाहीच. आपल्या मनानं काही धरायचं नाही. अकरा वर्षांत कुणी एक चूक दाखवावी तिची!

हा नियम बाईच्या अंगात इतका भिनला, की स्वतःचा डावा पाय पोटरीपासून सुजला तरी तिनं हूं की चूं केलं नाही. दहा-दहा तास खुर्चीत बसून काय होतं, हे तिच्याइतकं सांगलीत कुणाला ठाऊक? पण तिनं मनाशी 'पायाला सूज' एवढंच नोंदवलं. गुठळी म्हणायला डॉक्टरनं कुठं लिहिलंय? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. असे चार दिवस गेले.

पाचव्या दिवशी जेवणाचा डबा द्यायला आलेल्या भामाबाईनं दारातूनच पाय बघितला. बाई कुंडलची, बोलणं रोखठोक.

"अगं बया! ह्यो पाय हाय का खांब? ऊठ, आत्ताच्या आत्ता दवाखाना गाठ. मला अजून धा डबं द्यायचं हायत, न्हाईतर संगं आले असते."

अर्फा रिक्षानं एकटीच गेली. सोनोग्राफी झाली. "ताजी गुठळी आहे, मांडीपर्यंत चढलीय," डॉक्टर म्हणाले. "फुप्फुसात गेली असती म्हणजे? दाखल व्हा." अर्फाला आधी कोड आठवला आणि मग कळलं, की पाय आपला आहे.

सिस्टरनं फॉर्म पुढं केला. "सोबत कोण? नातेवाइकाचं नाव लिहा."

तिनं फोनमधली नावं वरखाली केली. ऑफिस, घरमालक, गॅसवाला. पाटणच्या घरचा नंबर बंद पडून कैक वर्षं झाली, तरी तो तिनं पुसला नव्हता. तिला फार एकटं वाटलं, डोळे भरून आले. रकाना कोरा ठेवला, तर नियमानं तिचं कुणीच नव्हतं.

मग कुणी न सांगितलेलं तिनं पहिल्यांदाच लिहिलं. भामाबाई, कुंडल. नातं, मावशी.

"कधी येणार मावशी?" सिस्टरनं विचारलं.

"येईल," अर्फा म्हणाली. "अजून दहा डबे द्यायचेत तिला."