सोंग नाचवणारा

तलासरीच्या नाक्यावर पंक्चर काढणारा तो माणूस कधी स्थिर उभा राहायचा नाही. गिऱ्हाइकाशी बोलतानाही त्याची टाच जमिनीवर ताल धरून असायची. गावच्या बोहाड्यात, म्हणजे देवांच्या मुखवट्यांच्या उत्सवात, तो दरवर्षी सोंग नाचवतो.

मुंबईच्या कॉस्प्लेच्या, म्हणजे सिनेमा-कॉमिकमधल्या पात्रांचे वेश करून जमायच्या, मेळाव्यांना मी पहिल्यापासून जातो. तेव्हा पुठ्ठ्याची चिलखतं घालून आम्ही एकमेकांना विचारायचो, "कसं बनवलंस?" आता विचारतात, "कुठून मागवलंस?" माझं चिलखत त्या पंक्चरवाल्यानेच जुन्या ट्यूबा कापून केलेलं. म्हणून गेल्या वर्षी त्याला मुखवट्यासकट मेळाव्याला नेलं. खरं सांगायचं तर मलाच मिरवायचं होतं.

तिथे तो मुखवटा बांधून नाचायलाच लागला. फोटोवाले वैतागले, "काका, हलू नका, पोझ द्या!"

तो हसला. "उभा राहिला तर सोंग कसला? खांब झाला ना!"

मीच त्याचा दंड धरून दटावलं, "नीट उभा राहा. लाज आणू नकोस माझी."

मग तो दिवसभर उभा राहिला.

यंदा त्याच्या गावचा बोहाडा बघायला गेलो. सांबळ वाजू लागला, त्याचं सोंग पुढे आलं. समोरच्या पोरांनी मोबाइल वर केले, तसा तो जागीच थांबला.

"आरं नाच ना, देव खोळंबलाय!" एक म्हातारी ओरडली.

मुखवटा माझ्याकडे वळला. आतून हळूच आवाज आला, "भाऊ, आता हललो तर चालंल ना?"