बॅनरवरची गोरी बाई

"हनवटी खाली घे, डोळं वर. आता जरा बिचारी दिस."

कामशेतच्या बाजारपेठेत माझ्या फ्लेक्सच्या दुकानाला लागूनच चाचांचा फोटो स्टुडिओ होता. निवडणूक लागली की बाई उमेदवाराची हनुवटी हवेतच दोन बोटांनी खाली दाबत चाचा हे म्हणायचे. पुरुष आला की तीच दोन बोटं वर जायची. "सायेब, जरा राग आणा. गावचं पानी कुनीतरी तोडलंय असं समजा."

खुंटीवर पुरुषांसाठी एक जाकीट आणि बायकांसाठी डोक्यावरून घ्यायला जरीचा शेला. मग संगणकावर पुरुषाच्या मिशा दाट व्हायच्या, बाई गोरी व्हायची. तिच्यामागे नवऱ्याचा फोटो टाकायचं काम माझं. तो तिच्यापेक्षा मोठा हवा, हे नवरेच बजावून जात. मावळात कुठल्याही चौकात मान वर केलीत तर आमची ही कलाकारी तुम्हीही पाहिली असेल.

"चाचा, हे ठरवलं कुणी?" मी एकदा विचारलं.

"मतदारानं," चहा बशीत ओतत ते म्हणाले. "त्याला बाप्या दांडगा लागतो, बाई गरीब गाय लागती. आपन फकस्त फोटू काढायचा."

जवळच्या गावातली एक ताई सरपंचपदाला उभी राहिली. ती स्कूटरला किटल्या लावून दूध घालायची, उन्हानं रापलेली, आवाजानं खणखणीत. चाचांनी तिला शेला पांघरला आणि अशी उजळली की मीही दोनदा बघितलं.

चार दिवसांत ती स्टुडिओत हजर.

"चाचा, चौकातल्या आबांकडं मत मागाया गेलते. म्हनले, तुज्या जावंला उभं केलंय न्हवं? देखनी हाय, देऊ की. म्या म्हनलं, आबा, बॅनरवर मीच हाय. आबांनी एकदा वर बघितलं, एकदा माज्याकडं. म्हनले, मग इचार करावा लागंल."

मला हसू आवरेना. ती मात्र हसत नव्हती.

"ती गोरी निवडून आली तर मी काय करू, चाचा? गावाची कामं म्या करनार हाय."

चाचांनी खुंटीवरच्या शेल्याकडं एकदा बघितलं. मग कॅमेरा घेऊन रस्त्यावर आले आणि तिला स्कूटरपाशी उभं केलं. शेला नाही, हनुवटीला बोटं नाहीत. "पडशील गं पोरी," एवढंच पुटपुटले. ते भिंगातून बघत असताना तिनं हसत मोबाइलवर त्यांचाच फोटो काढला.

तोच फोटो बॅनरवर लागला आणि ती निवडणुकीत पडली. निवडून आलेली बाई चाचांनीच गोरी केली होती. निकालाच्या दिवशी त्यांनी स्टुडिओ उघडला नाही. मला फार वाईट वाटलं, तिच्यापेक्षा त्यांचंच जास्त.

त्यानंतर प्रत्येक बाईला ते आधी विचारत, "हाय तशी, का गोरी?" बहुतेक सगळ्या हळूच म्हणत, "गोरीच करा." चाचा सुस्कारा टाकून कामाला लागत.

गेल्या महिन्यात चाचा गेले. श्रद्धांजलीचा बॅनर करायचा तर जगाचे फोटो काढणाऱ्या या माणसाचा स्वतःचा एकही फोटो धड नव्हता. ताईनं मोबाइलमधला दिला. काळेसावळे चाचा, एक डोळा मिटलेला. सवयीनं माझा हात रंग उजळायला गेला.

"भाऊ, हात काढा तितनं," ती म्हणाली. "चाचा हाईत तसंच ऱ्हाऊ द्या."

तो बॅनर आम्ही तिच्या गावच्या चौकातही लावला. आबा काठी टेकत आले, डोळ्यांवर हात धरून बघत राहिले. "व्हय, ह्यो आपला चाचाच," म्हणाले. मग ताईकडं वळले.

"म्होरल्या टायमाला उभी ऱ्हा. मत तुलाच हाय. पर तुजा फोटू कोन काढनार गं आता?"

तिनं पदरानं डोळे पुसले आणि स्कूटर चालू केली, दुधाला उशीर होत होता.