कोंबड्यांची जुनी जागा

आमची पोस्ट दहा हजार फुटांवर होती. पोस्टवर आम्ही चौदा जण होतो. मी अग्निवीर म्हणून भरती झालो होतो आणि ते माझं दुसरं वर्ष होतं. बिलोली तालुक्यातल्या आमच्या घरातून फौजेत गेलेला मी पहिला. आता कॉलेजात जाणाराही मीच पहिला आहे. लिहायची सवय नाही. जसं घडलं तसं सांगतो.

सेक्शन कमांडर हवालदार नागनाथ होते. ते अहमदपूरजवळच्या एका गावचे. लिंगायत घरातले, गळ्यात इष्टलिंग. अंडं त्यांनी जन्मात तोंडात घातलं नव्हतं. पोस्टवर मराठवाड्यातले आम्ही दोघंच. ते मला नावानं हाक मारत नसत, ‘बिलोली’ म्हणत. मी त्यांना उस्ताद म्हणायचो.

एप्रिलच्या शेवटी बर्फ हटून वाट मोकळी झाली. खच्चरांवरून रेशन आलं, त्यात एका खोक्यात बारा पिल्लं होती. थंडीत पोरांना अंडी मिळावीत म्हणून पाठवलेली. लंगरचा स्वयंपाकी म्हणाला की कापायच्या असतील तर बोलवा, पाळणं माझं काम नाही. उस्तादांनी माझ्याकडे पाहिलं.

"बिलोली, तुझी आई कोंबड्या पाळती ना? इचार तिला."

आठवड्यातून एकदा घरी बोलायला पाच मिनिटं मिळायची. त्या आठवड्याची पाचही मिनिटं कोंबड्यांवर गेली. आईनं सांगितलं, "पहिले धा दिस खुराड्यातच ठिव. मग सांजच्याला अर्धा तास सोड, उपाशी. दाणा आतच टाक. जी येत न्हाई तिला उचलून आत ठिव, हाकलू नको. आन खुराडं हलवू नको. हलवलंच तर पुन्ना तीन दिस कोंडायचं. कोंबडी घराला वळखत न्हाई, जागंला वळखती."

मी हे उस्तादांना जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी ते ऑर्डरसारखं घेतलं. रेशनच्या फळ्यांचं खुराडं बनवलं आणि उन्हासाठी दक्षिणेच्या कडेला ठेवलं. अकराव्या दिवशी दार उघडलं. संध्याकाळी उस्ताद मेस टिनवर चमचा वाजवायचे आणि आत एक टॉर्च लावून ठेवायचे. पहिल्या दिवशी दोनच पिल्लं आपणहून आत गेली. बाकीची आम्ही एक एक उचलून दांडीवर बसवली. आठवडाभरानं सगळी चमच्याच्या आवाजावर यायला लागली. नंतर चमचाही लागेना. ऊन उतरलं की रांगेनं आत.

पोस्टवर रोज संध्याकाळी आमची गिनती, म्हणजे हजेरी, व्हायची. ती झाली की उस्ताद खुराड्याशी वाकायचे आणि गंभीरपणे रिपोर्ट घ्यायचे. मी म्हणायचो, "बारा में बारा, उस्ताद." एक ससाण्यानं नेली, तेव्हापासून अकरा. पोरं हसायची. म्हणायची, उस्ताद, खायची नाही तर एवढा जीव कशाला लावता? ते म्हणायचे, "सांजच्याला घरी येणारं कायतरी पाहिजे की इथं."

जूनमध्ये चार दिवस पाऊस लागून राहिला. दक्षिणेच्या कडेला जमिनीत भेग पडली. उस्तादांनी त्याच दिवशी पोस्टभोवतीची काटेरी तार दहा मीटर आत घेतली आणि खुराडं लंगरच्या भिंतीला लावलं. जुनी जागा आता तारेबाहेर राहिली. त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, तीन दिवस खुराडं बंद. तारेबाहेर कुणी पाय ठेवायचा नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारपासून कोंबड्या आत ओरडत होत्या. एकमेकींना टोचत होत्या, एकीच्या शेपटीजवळ रक्त आलं होतं. नियम माझ्याच आईचा होता. तरी मला वाटलं, आपल्या हातचं खातात, चमचा वाजवला की येतील. साडेसहाला मी दार उघडलं. कुणाला सांगितलं नाही.

19:10 ला स्टँड-टू. त्या वेळी प्रत्येक जण आपापल्या मोर्च्यात, म्हणजे पहाऱ्याच्या खंदकात, हत्यार घेऊन उभा असतो. धुकं उतरत होतं. मी माझ्या मोर्च्यातून पाहिलं तर अकराही कोंबड्या तारेपलीकडे बसल्या होत्या. खुराडं नव्हतं, नुसती त्याची चौकोनी खूण होती. त्या खुणेवर एकमेकींना चिकटून बसल्या होत्या.

मी मोर्चा सोडला. हा गुन्हा आहे, हे मला माहीत होतं. रिकामं पोतं घेतलं आणि तारेखालून बाहेर गेलो. सात कोंबड्या पोत्यात भरल्या. आठवीला हात घातला तेव्हा पायाखालची जमीन हलली.

"बिलोली. हलू नको. पालथा पड."

मी पालथा पडलो. उस्ताद तारेखालून बाहेर आले होते. त्यांनी दोरीचं एक टोक तारेच्या खुंट्याला बांधलं होतं, दुसरं माझ्याकडे फेकलं. मी एका हातात दोरी, दुसऱ्यात पोतं धरून सरपटत आलो. ते भेगेच्या काठावर गुडघ्यावर होते. मी जवळ आल्यावर त्यांनी माझी कॉलर धरली आणि मला पुढे तारेकडे ढकललं.

"येडा हायस का तू," एवढंच म्हणाले.

मग कडा गेली. आवाज फक्त दगडांचा झाला. दोरी माझ्या हातात होती. त्यांच्याकडे काही नव्हतं.

बाकीचे धावत आले तेव्हा मी तारेच्या आत होतो. हातात पोतं, पोत्यात सात कोंबड्या. उस्तादांच्या हाताखालच्या नायकनं खाली कंपनीशी बोलायला रेडिओ उचलला.

"चार्ली, चार्ली. कडा कोसळली. एक जवान खाली. ओव्हर."

"नाव सांग. ओव्हर."

"हवालदार नागनाथ. ओव्हर."



"उजेड होईपर्यंत कुणी खाली उतरणार नाही. आऊट."

सकाळी 06:40 ला ते सापडले. कडा खुणेच्या शेजारून तुटली होती; उरलेल्या चार कोंबड्या रात्रभर त्या खुणेवरच होत्या. उजाडल्यावर दाण्यासाठी आपणहून आत आल्या.

इन्क्वायरीत मला दोन प्रश्न विचारले. हवालदार तारेबाहेर का गेले? मी म्हणालो, कोंबड्या बाहेर होत्या, साहेब. तू कुठे होतास? तारेजवळ, साहेब. दोन्ही उत्तरं खोटी नव्हती. मी आधी बाहेर होतो, हे मी सांगितलं नाही. दार मी उघडलं, हेही नाही. दोरी खुंट्याला बांधलेली होती. सगळे धरून चालले की पोतं त्यांनी मला आत दिलं, दोरी त्यांनी स्वतःसाठी बांधली आणि ती हातातून सुटली. चार वर्षांनंतर आमच्यातल्या थोड्यांनाच कायम करतात. मोर्चा सोडलेल्याला करत नाहीत. मी तेवढाच हिशेब केला.

त्यांचं पार्थिव घेऊन गावी गेलेल्या जवानानं हॉटेलात चहा पिताना सांगून टाकलं की उस्ताद कोंबड्या आणायला गेले होते. दफनाच्या दिवशी लोकांनी घोषणा दिल्या. आठवड्यानं त्या बंद झाल्या. शाळेत फोटो लावायचं ठरलं होतं, ते राहिलं. गळ्यात लिंग बांधणारा कोंबडीपायी गेला, असं बाजारात बोलायला लागले. त्यांच्या मुलाला वर्गातली पोरं कॉकॉक करायची. हे मला दोन वर्षांनी कळलं, घरी आल्यावर. मला कायम केलं नाही.

या दिवाळीच्या सुट्टीत मी अहमदपूरला उतरलो आणि त्यांच्या घरी गेलो. उस्तादांच्या पत्नी, वहिनी, ज्वारी निवडत होत्या. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. त्या सूप हलवायच्या थांबल्या.

"म्हंजे ते तुमच्यासाठी गेलते."

"हाव, वहिनी."

"एवढे दिस कुठं होता भाऊ तुमी?"

त्यांनी बसा म्हटलं नाही. पुन्हा सूप हातात घेतलं, पण ज्वारी तशीच राहिली. मग विचारलं, "आन कोंबड्यांचं काय झालं मग?"

मी सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून त्या आम्ही तीन दिवस कोंडल्या. चौथ्या दिवशी सोडल्या. संध्याकाळी नव्या जागी परत आल्या, अकराच्या अकरा. चमचा कुणी वाजवला नव्हता.

"एक दिस थांबला असता तुमी," त्या म्हणाल्या. मग उठल्या, आतून मुलाची वही आणली, मागचं पान फाडून माझ्यासमोर ठेवलं. "लिहून द्या. नाव, गाव घाला. शाळेत घिऊन जाते."

मी उंबऱ्यावर बसून लिहिलं. तसंच एक पत्र युनिटलाही पाठवलं आहे, अजून उत्तर नाही. कॉलेजच्या या अंकातही तेच पुन्हा लिहितो, म्हणजे ते एका पानावर राहणार नाही.

हवालदार नागनाथ. सेक्शन कमांडर. दार मी उघडलं होतं. तारेबाहेर मी होतो, म्हणून ते आले. दोरी एकच होती. ती त्यांनी मला दिली.